न्यूट्रोफिल पेशींचा क्रमबद्ध मृत्यू

मानवी रक्तातील पांढऱ्या पेशींपैकी साधारणतः निम्म्याहून अधिक असणाऱ्या न्यूट्रोफिल या भक्षक पेशी अस्थिमज्जेत सतत तयार होतात, रक्तात थोडाच काळ राहतात आणि बहुधा स्वतःच्याच अंतर्गत यंत्रणेने मरतात. या मृत्यूला अ‍ॅपॉप्टोसिस म्हणतात. ही संज्ञा केर, वायली व करी यांनी 1972 मध्ये मांडली. न्यूट्रोफिलला जिवंत ठेवणारे एमसीएल-1 हे प्रथिन अल्पजीवी असून त्याचा पुरवठा घटला की तंतुकणिकांच्या बाह्यपटलास छिद्रे पडतात, सायटोक्रोम-सी बाहेर येते आणि कॅस्पेज ही प्रथिने तोडणारी एंझाइमे एकामागून एक कार्यान्वित होतात. केंद्रक आक्रसते, पण पेशीपटल अभंग राहते, आणि हाच या प्रक्रियेचा सर्वांत मोलाचा भाग होय, कारण पेशीतील कणिकांत जंतूंप्रमाणेच शरीराच्या ऊतींनाही इजा करणारी द्रव्ये साठवलेली असतात. पटलाच्या आतल्या थरातील फॉस्फॅटिडिलसेरीन हे मेदद्रव्य बाहेरच्या बाजूस येताच महाभक्षी पेशी ती खूण ओळखून मरणारी पेशी गिळतात व दाह शमवणारी द्रव्ये स्रवतात.

नेटोसिस हा प्रकार याहून अगदी वेगळा आहे. त्यात केंद्रकातील डीएनए सैल होऊन, पटल फाटून पेशीबाहेर पडतो आणि त्याच्या जाळ्यात जंतू अडकतात. अशा जाळ्यांचे वर्णन बर्लिन येथील संशोधकांनी 2004 मध्ये केले. ही जाळी वेळीच साफ न झाल्यास ल्युपससारख्या स्वप्रतिकारक विकारांत स्वतःच्याच डीएनएविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण होण्यास हातभार लागतो.