भुयारातील उजेड

पॅरिसच्या भूगर्भातील अस्थिभुयारांचे प्रकाशचित्रण करण्याचा संकल्प फ्रेंच प्रकाशचित्रकार नादार याने १८६१ च्या सुमारास सोडला, तेव्हा विजेच्या उजेडासाठी बुन्सेनच्या विद्युत्घटांचा अवजड सरंजाम वर रस्त्यावरच ठेवून केवळ तारा खाली उतरवाव्या लागल्या, आणि एकेका चित्रास १८ मिनिटांपर्यंत अवधी लागत असल्यामुळे तितका वेळ निश्चल राहणे अशक्य अशा मजुरांच्या जागी त्यांचा पोशाख चढविलेले पुतळे उभे करावे लागले. केवढी ही चिकाटी! याउलट, हाती धरून नेता येईल असा प्रखर उजेड दिला तो मॅग्नेशियमच्या फितीने. तिच्याच बळावर १८६५ साली खगोलशास्त्रज्ञ पियाझी स्मिथ याने गिझाच्या महापिरॅमिडचे अंतर्गृह टिपले. कोंदट दालनात तिचा शुभ्र धूर रेंगाळत राही, हे खरे. तथापि माझा कौल त्या फितीलाच आहे.