हेजहॉगचा हिवाळा

ब्रिटनमधील घरांच्या बागांत रात्री वावरणारा हेजहॉग साळींदरासारखा काटेरी दिसत असला, तरी दोघांचे जवळचे नाते नाही. साळींदर कुरतडणारा प्राणी. हेजहॉग मुख्यतः भुंगेरे, अळ्या व गांडुळे खातो. त्याचे भारतीय भाईबंद राजस्थान-गुजरातच्या कोरड्या भागांत व तमिळनाडूत आढळतात.

जमीन गारठली की त्याचे भक्ष्य दिसेनासे होते. पक्ष्यांसारखे स्थलांतर शक्य नसल्याने तो साधारणतः नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल शीतनिद्रा घेतो. वाळल्या पानांचे थर रचलेल्या घरट्यात तो अंगाचे मुटकुळे करून पडतो. एरवी सुमारे ३५ अंश सेल्सिअस असलेले शरीराचे तापमान १० अंशांच्या आसपास येते; मिनिटाला १९० पर्यंत पडणारे हृदयाचे ठोके २० वर उतरतात. या काळाची शिदोरी म्हणजे अंगात साठवलेली चरबी. त्यामुळे उशिरा जन्मलेली, ४५० ग्रॅमही न भरणारी पिल्ले अनेकदा वसंत पाहत नाहीत.

ही निद्रा अखंड नसते. हेजहॉग अधूनमधून जागा होतो आणि शरीर पुन्हा तापवताना बरीच चरबी खर्ची पडते. म्हणूनच सलग थंडीपेक्षा मध्येच उबदार होणारा हिवाळा त्याला महाग पडू शकतो.

मात्र खरे संकट हवामानापेक्षा अधिवासाचे आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शेते मोठी करण्यासाठी झुडपांची कुंपणे मोठ्या प्रमाणावर तोडली गेली. बागांचा आसरा उरला, तर तिथेही फळ्यांची बंदिस्त कुंपणे व फरसबंदी आली. अन्नाच्या शोधात एका रात्रीत एक-दोन किलोमीटर फिरणाऱ्या प्राण्याला एक बाग पुरत नाही. २०२० मध्ये ब्रिटनच्या सस्तन प्राण्यांच्या लाल यादीत त्याची नोंद ‘असुरक्षित’ म्हणून झाली.

२०११ मध्ये सुरू झालेल्या ‘हेजहॉग स्ट्रीट’ मोहिमेचा उपाय अगदी साधा आहे: कुंपणाच्या तळाशी १३ सेंटिमीटर लांबी-रुंदीचे भोक पाडावे, म्हणजे शेजारच्या बागा जोडल्या जातात. पालापाचोळ्याचा एखादा कोपरा न झाडता ठेवावा. नीटनेटकेपणाची हौस इथे घातकच. भुकेल्या हेजहॉगला दूध देण्याची जुनी रीतही चुकीची, कारण ते त्याला पचत नाही. उथळ भांड्यात पाणी ठेवावे. ५ नोव्हेंबरला ब्रिटनमध्ये होळ्या पेटतात. त्यासाठी रचलेला लाकडांचा ढीग त्याला आयते घरटेच वाटतो. म्हणून पेटवण्यापूर्वी तो ढीग हलवून दुसरीकडे रचावा, असे तेथील नागरिकांना दरवर्षी सांगितले जाते.