विसरतं कोण?

मंडळी, आर्थर वॉर्टन हे नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकलंय? जन्म १८६५, आजच्या घानातल्या अक्रा इथला. धर्मोपदेशक व्हायला इंग्लंडात आला, आणि १८८६ मध्ये शंभर यार्ड दहा सेकंदांत धावला! १८८९ मध्ये रॉदरहॅम टाउनचा पगारी गोलरक्षक झाला. पहिला कृष्णवर्णीय व्यावसायिक फुटबॉलपटू म्हणून आज त्याचं नाव घेतात. १८९४ मध्ये शेफील्ड युनायटेडने त्याला घेतलं खरं, पण तिथे धिप्पाड फोक होता. वॉर्टनच्या वाट्याला मोजकेच सामने आले. पुढे पोटासाठी कोळशाच्या खाणीत काम केलं. १९३० मध्ये वारला. थडग्यावर नावाचा दगड बसला थेट १९९७ मध्ये. आपण म्हणतो, इतिहास विसरतो. अहो, इतिहासाला स्वतःची आठवण कुठे असते? विसरतो आपण, दगडही आपणच बसवायचा असतो.