तार कोणाची, नंबर कोणाचा

घरचं इंटरनेट बंद करून दुसऱ्या कंपनीचं घ्यायचं, ही आता काही मोठी गोष्ट राहिलेली नाही. दोन-तीन फोन, एक अर्ज, जुना मोडेम परत.. झालं. निदान कागदावर तरी. आमच्या पुण्याच्या घरी मात्र हा प्रकार चार वर्षं चालला, कारण इंटरनेटच्या मागे फोन होता, फोनच्या मागे नंबर होता आणि नंबरच्या मागे आई उभी होती :) सगळं एकदम का हलवता येत नाही हे बघता बघता टेलिफोनचा बराच इतिहास वाचून झाला. तो इथे उतरवून ठेवतोय. पुण्याचा नंबर का लागत नाही असं आत्या आणि नाशिकची मंडळी विचारत होती, त्यांनाही परस्पर उत्तर मिळेल.

आपल्याकडे टेलिफोन तसा लवकर आला. कलकत्ता, मुंबई आणि मद्रासला १८८२ साली एक्स्चेंज सुरू झाली होती. पण पुढची शंभर वर्षं प्रश्न एकच होता, फोन मिळणार कधी? नंबर लावून लोक वर्षानुवर्षं वाट बघत. भली मोठी अनामत भरून रांगेत थोडं पुढे सरकायची ओ.वाय.टी. नावाची सोय होती, म्हणजे 'ओन युवर टेलिफोन'. नाव असं, पण फोनही खात्याचा आणि तारही खात्याची. आपल्या मालकीची फक्त पावती. शशी थरूर यांनी एक किस्सा लिहून ठेवलाय. सी. एम. स्टीफन दळणवळण मंत्री असताना टेलिफोनच्या तक्रारींबद्दल त्यांना विचारलं गेलं. फोन ही चैनीची वस्तू आहे, हक्क नव्हे, ज्याला सेवा पसंत नसेल त्याने फोन खुशाल परत करावा, घ्यायला रांगेत पुष्कळ लोक उभे आहेत, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी दिलं म्हणे. आज हसू येतं. पण त्यात एक गोष्ट अगदी खरी होती. फोन परत करता येत होता, पण तो देऊन जायचं कुठे, याला उत्तर नव्हतं. दुसरं दुकानच नव्हतं.

आमच्याकडे फोन आला १९८७ साली. त्याआधी बाबांच्या कार्डावर खालच्या मजल्यावरच्या जोशीकाकांचा नंबर असे आणि पुढे कंसात 'पी.पी.'. ही दोन अक्षरं हल्लीच्या मुलांना समजावून सांगताना घाम फुटतो. आपला फोन आल्यावर आपणच चार घरांचे पी.पी. झालो. लग्नपत्रिकांवर आमचा नंबर छापून आला. फोन आला की मी जिन्यातून हाका मारत धावायचो. नंबर हा त्या काळी घराचा पत्ताच होता, किंबहुना पत्त्यापेक्षा पक्का. लोक भाड्याची घरं बदलत, फोन सोडत नसत.

हा नंबर मधल्या काळात वाढत गेला. आमचा आधी सहा आकडी होता, मग सात आकडी झाला, आणि नंतर पुढे २ लागून आठ आकडी. त्या २ कडे तेव्हा कोणी फार लक्ष दिलं नसेल, पण खरी मेख तिथेच आहे. २००३ च्या राष्ट्रीय क्रमांक योजनेत लँडलाइनचा पहिला आकडा कंपनीनुसार ठरला. २ म्हणजे सरकारी (मुंबई-दिल्लीत एमटीएनएल, बाकी सगळीकडे बीएसएनएल), आणि ३, ४, ६ हे आकडे खाजगी कंपन्यांच्या वाट्याला. म्हणजे दुसरी दुकानं उघडली ती नेमकी त्याच सुमारास, आणि त्याच वेळी दुकानाचं नाव आपल्या नंबरावर कोरलं गेलं. कंपनी बदलली की नंबर बदलणार हे तिथेच ठरून गेलं.

मग इंटरनेट. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास इथे ते सर्वसामान्यांसाठी सुरू केलं. १९९८ च्या शेवटी खाजगी कंपन्यांना परवानगी मिळाली. डायल-अपच्या त्या काळात कंपनी बदलणं सगळ्यात सोपं होतं हे मला आता जाणवतं. दुकानातून दुसऱ्या कंपनीचं तासांचं पाकीट आणायचं, नवा नंबर फिरवायचा की झालं. तार तीच, फोन तोच. फक्त तोवर घरचा फोन एंगेज आणि आईचा आवाज चढलेला.

ऑक्टोबर २००४ मध्ये सरकारने ब्रॉडबँड धोरण जाहीर केलं. २५६ केबीपीएस म्हणजे ब्रॉडबँड! (जानेवारी २०२३ पासून ही किमान मर्यादा २ एमबीपीएस आहे. तेव्हा २५६ मध्ये आपण किती खूष होतो.) जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलचं डेटावन आणि एमटीएनएलचं ट्रायबँड आलं. ज्यांनी तो काळ बघितलाय त्यांना रात्री दोन ते सकाळी आठ हे मोफत तास आठवत असतील. गजर लावून उठायचं, डाउनलोड लावायचं, परत झोपायचं. माझ्या ओळखीत दोघांनी निव्वळ त्यासाठी झोपेचं वेळापत्रक बदललं होतं.

हे एडीएसएल चालायचं त्याच जुन्या तांब्याच्या तारेवर. बोलण्याचा आवाज तारेच्या अगदी खालच्या, सुमारे ४ किलोहर्ट्झपर्यंतच्या पट्ट्यात मावतो. वरचा सगळा पट्टा रिकामा पडलेला असतो, त्यावरून माहिती धावते. घरात स्प्लिटर नावाची छोटी डबी दोन्ही वेगळं करते. एक्स्चेंजच्या टोकाला प्रत्येक घराची जोडी (लाइनमन तिला 'पेअर' म्हणतात) एका यंत्राला जोडलेली असते. आता गंमत बघा. ती जोडी तिथून काढून शेजारी ठेवलेल्या दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला लावली की ग्राहक त्या कंपनीचा झाला! रस्ता खणायला नको, भिंतीला भोक पाडायला नको. इंग्लंडमध्ये २००० नंतर हेच सुरू झालं. माझा मावसभाऊ रेडिंगला असतो. त्याने एकदा कंपनी बदलली तेव्हा जुन्या कंपनीकडून मॅक नावाचा एक सांकेतिक क्रमांक घेतला, नव्या कंपनीला दिला आणि काम झालं. फेब्रुवारी २००७ पासून तो क्रमांक मागितल्यावर देणं तिथे कंपन्यांना बंधनकारक झालं. २०१५ मध्ये तीही कटकट गेली, आणि सप्टेंबर २०२४ पासून तर कुठलंही नेटवर्क असो, नव्या कंपनीला सांगितलं की जुनीला ग्राहकाने फोनसुद्धा करायचा नाही.

आपल्याकडे हे कुणाच्या डोक्यात आलं नाही असं नाही. ट्रायने एप्रिल २००४ च्या शिफारशींमध्ये हेच सुचवलं होतं, तांब्याची तार इतरांना वापरू द्या म्हणून. सहा महिन्यांनी आलेल्या धोरणात ते सक्तीचं झालं नाही. कंपन्यांनी आपापसात काय ते ठरवावं, असं त्यात होतं. आता ज्याच्या हातात तार आहे तो आपल्या प्रतिस्पर्ध्याशी आपणहून कशाला ठरवेल? सरकारी कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ नव्हती. गावोगाव तारा त्यांनी घातल्या, तोट्याच्या गावांतही घातल्या, आणि मलई खायला तेवढे दुसरे येणार हे त्यांना कसं पटावं? पण हिशोब बघा. त्याच धोरणात २०१० पर्यंत २ कोटी ब्रॉडबँड जोडण्यांचं लक्ष्य होतं. २०१० अखेर झाल्या सुमारे १ कोटी १० लाख. फक्त तारेच्या निर्णयामुळे असं झालं असं मी म्हणणार नाही, पण माझ्या मते तो निर्णय महागात पडला, आणि ज्यांच्यासाठी घेतला त्यांना सर्वात जास्त. कारण लोक थांबले नाहीत. त्यांनी ती तारच सोडून दिली. २००६ च्या आसपास देशात सुमारे ५ कोटी लँडलाइन होत्या, २०२० मध्ये २ कोटींच्या आसपास उरल्या. ऑगस्ट २०२२ मध्ये लँडलाइनमध्येही जिओने बीएसएनएलला मागे टाकलं.

मोबाइलचं बघा. २५ नोव्हेंबर २०१० ला हरियाणात आणि २० जानेवारी २०११ ला देशभर, नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय झाली. लँडलाइनला ती सोय मिळालीच नाही.

तर आता आमचं घर. २०१९ मध्ये मी इंटरनेट एका खाजगी कंपनीकडे हलवलं. आईची अट एकच होती, "इंटरनेट कुठूनही आण, नंबर जाता कामा नये." म्हणून नुसता फोन तसाच ठेवला आणि त्याचं भाडं भरत राहिलो. बाबा २०१८ मध्ये गेले. त्यांच्या ओळखीची माणसं महाराष्ट्रभर पसरलेली, आणि बऱ्याच जणांकडे आमचा तेवढाच नंबर. मी भाड्याचा हिशोब मांडला की ती म्हणायची, "अरे, कुणाचा फोन आला तर?" फोन मुख्यतः कर्ज आणि क्रेडिट कार्डवाल्यांचे येत. पण २०२० च्या लॉकडाउनमध्ये एका दुपारी नागपूरहून बाबांच्या एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. घरात बसून जुनी डायरी चाळत होते, म्हटलं बघू लागतो का. बाबांना बोलवा म्हणाले. आई त्यांच्याशी पाऊण तास बोलली. त्यानंतर भाड्याचा विषय मी काढला नाही.

पुढे तिनेच हळूहळू बाबांची डायरी घेऊन एकेकाला फोन करायला सुरुवात केली. पुण्याचे कितीतरी नंबर अजून सहा आकडी. सात आकडी असले की पुढे २ लावून बघायचे, कधी लागत, बहुतेक नाही. जे लागले त्यांना मोबाइल नंबर लिहून घ्यायला लावला. काही ठिकाणी पत्ता होता तिथे चक्क पोस्टकार्डं गेली. 'न'च्या पानावर आल्यावर दोन महिने काम थांबलं होतं, का ते तिने सांगितलं नाही. २०२३ च्या दिवाळीनंतर ती म्हणाली, "दे आता अर्ज." अर्ज, शेवटचं बिल आणि फोनचं यंत्र दिलं. खिडकीवरच्या बाईंनी आईला विचारलं, आजी, इतका जुना नंबर, नक्की ना? बाकी काम पंधरा मिनिटांचं. डायरी तिने आपल्याकडेच ठेवली आहे.

त्याच हिवाळ्यात मी इंटरनेटची कंपनीही पुन्हा बदलली, आणि त्याला मात्र जास्त वेळ लागला. (नाव लिहीत नाही.) बंद करा म्हटल्यावर तिघांनी आळीपाळीने फोन करून का, कशाला, थोडं स्वस्त देतो वगैरे केलं. अनामत साठ दिवसांत परत द्यावी असं ट्रायच्या २००६ च्या नियमावलीतच होतं. माझी आली ती चार वेळा आठवण करून दिल्यावर. आपल्याकडे इंग्लंडसारखा अठरा महिन्यांचा करार सहसा नसतो. इथे वर्षाचे पैसे आगाऊ घेतात, बसवण्याचा खर्च 'फुकट' म्हणतात आणि माणूस आपोआप बांधला जातो.

आणि तार? प्रत्येक कंपनी आपली आपली घेऊन येते. जाताना मोडेम नेते, तार ठेवून जाते. आमच्या इमारतीच्या गच्चीवर मी परवा मोजल्या. आमच्याच घराच्या चार निघाल्या: तांब्याची एक, केबलवाल्याच्या काळातली एक, आणि फायबरच्या दोन. चालू आहे एक. केबलवाल्याची काळी तार चांगली जाडजूड आहे. चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी ती टाकीपासून कठड्यापर्यंत ताणून बांधली आहे, गोधड्या वाळत घालायला.