रक्ताचा कर्करोग बरा झाला. मग गणित का अडले?

नागपूरहून मुंबई रेल्वेने आठशे किलोमीटरांहून दूर. रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलाला घेऊन विदर्भातील कितीतरी कुटुंबांनी परळच्या टाटा रुग्णालयाकडे हा प्रवास केला. बरे झालेले मूल परतले की केस पुन्हा येत, शाळा पुन्हा सुरू होई. काहींच्या बाबतीत मात्र एक कोडे उरे. पूर्वी धडाधड पाढे म्हणणाऱ्या मुलाची फळ्यावरची गणिते उतरवून होईपर्यंत तास संपे. घरचे म्हणत, आजारपणात लाडावले. शिक्षक म्हणत, लक्ष नाही.

कोड्याचे उत्तर उपचारांच्याच इतिहासात आहे.

१९४८ साली बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन देऊन मुलांमधील ल्युकेमिया प्रथमच काही काळ मागे हटवला. (ते औषध ज्या लेडर्ले प्रयोगशाळेतून आले, तेथील संशोधनाचे प्रमुख येल्लाप्रगडा सुब्बाराव हे आंध्रचे, आपल्याकडे हे नाव फार थोड्यांना ठाऊक.) पण आजार उलटे, आणि पुष्कळदा मेंदूत. रक्तातून फिरणारी औषधे तेथे पुरेशी पोचत नसत. कर्कपेशी दडून राहत.

१९६७च्या सुमारास मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयात डोनाल्ड पिंकेल यांनी धाडस केले. मेंदूत आजाराची चिन्हे नसतानाही मुलांच्या डोक्याला २४०० रॅड किरणे आणि पाठीच्या कण्यातून मेथोट्रेक्सेट. सुमारे निम्मी मुले आजारमुक्त राहिली. त्याआधी जगलेले मूल हा अपवादच होता.

किंमत उशिरा कळली, कारण ती मोजण्यासाठी आधी मुले जगावी लागली. विचारांचा वेग, एकाग्रता, आकडे मनात धरून ठेवणे, सारे मंदावलेले. वय जितके लहान, तितकी हानी अधिक. मात्रा १८०० रॅडवर आणली गेली. १९८०च्या दशकात टाटा, दिल्लीचे एम्स व चेन्नईची कर्करोग संस्था यांनी स्वीकारलेल्या ‘एमसीपी ८४१’ पद्धतीतही किरणे होतीच. १९९१ मध्ये टाटाने बऱ्या झालेल्या मुलांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग उघडला. किरणे पूर्णपणे वगळूनही मुले बरी होतात, हे सेंट ज्यूडनेच २००९ मध्ये दाखवून दिले.

शाळेची चौकट मात्र वेगळ्या वाटेने घडली. अध्ययन अक्षमता असलेल्यांना महाराष्ट्राने १९९६ पासून परीक्षेत सवलती दिल्या. २०१६च्या केंद्रीय कायद्याने तिला अपंगत्वाच्या यादीत स्थान दिले. पण त्या व्याख्येत वाचन, लेखन आणि गणिताच्या अडचणींची नावे आहेत; उपचाराने मंदावलेल्या वेगाचे नाव नाही. अशा मुलाला हवे असते ते साधेच: जादा वेळ, पुढचा बाक, एका पानावर थोडीच गणिते, तोंडी सूचना लिहूनही देणे.

आता नागपुरातच, जामठ्याच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत, मुलांवर उपचार होतात, प्रवास वाचला. जूनअखेर विदर्भातील शाळा उघडतात, तेव्हा नव्या वर्गशिक्षकाच्या हाती गेल्या इयत्तेचे गुण पोचतात. उपचारांची फाईल घरच्या कपाटातच असते.