'कासाब्लांका' ते 'रोमन हॉलिडे': 70-80 वर्षं जुन्या हॉलिवूड प्रेमकथा आजही डोळ्यांत पाणी का आणतात?

इन्स्टाग्रामवर स्क्रोल करताना एखादी ब्लॅक अँड व्हाइट क्लिप हमखास समोर येते. धुक्यातलं विमानतळ, डोक्यावर तिरकी हॅट घातलेला पुरुष आणि डबडबलेल्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघणारी बाई. चित्रपट कोणता हे अनेकांना माहीत नसतं, तरी स्क्रोल करणारा अंगठा तिथे थांबतो.

तो प्रसंग आहे 1942 सालच्या 'कासाब्लांका'चा. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटनं 2002 मध्ये सर्वोत्तम 100 अमेरिकन प्रेमकथांची यादी काढली, तेव्हा पहिला नंबर याच चित्रपटाला मिळाला. दुसरा 'गॉन विथ द विंड' (1939), तिसरा 'वेस्ट साइड स्टोरी' (1961) आणि चौथा 'रोमन हॉलिडे' (1953).

या चार नावांत एक गंमत आहे. चारही चित्रपटांच्या शेवटी नायक-नायिका एकत्र येत नाहीत.

मग जे प्रेम पूर्णच झालं नाही, ते लोकांना इतकी वर्षं का आठवतं? त्याचं उत्तर शोधायला या चित्रपटांच्या मागे जाऊन बघावं लागतं. (पुढे शेवट उघड केलेले आहेत. चित्रपट पाहिले नसतील तर आधी पाहून या.)

'कासाब्लांका'ची गोष्ट काय आहे?

काळ दुसऱ्या महायुद्धाचा. मोरोक्कोतलं कासाब्लांका शहर नाझींपासून पळालेल्या निर्वासितांनी भरलेलं आहे. सगळ्यांना लिस्बनमार्गे अमेरिकेला जायचंय, पण कागदपत्रं मिळत नाहीत. तिथे रिक (हम्फ्री बोगार्ट) हा अमेरिकन माणूस कॅफे चालवतो. आपण कोणासाठी काही करत नाही, असं तो सगळ्यांना सांगत असतो.

एका रात्री त्याच्या कॅफेत इल्सा (इन्ग्रिड बर्गमन) येते. पॅरिसमध्ये दोघांचं प्रेम होतं आणि ती काही न सांगता निघून गेली होती. आता तिच्यासोबत तिचा नवरा आहे, नाझींविरुद्ध लढणारा व्हिक्टर लाझलो. पॅरिसमध्ये असताना तो मेला असंच तिला वाटत होतं.

सुटकेची कागदपत्रं नेमकी रिककडे आहेत. इल्सा त्याच्यासोबत राहायला तयार होते. पण विमानतळावर रिक तिला नवऱ्याबरोबर पाठवून देतो, कारण लाझलोच्या लढाईला तिची गरज आहे.

पडद्यावरचे अश्रू कुठून आले?

हा चित्रपट बनत होता तेव्हा युद्ध चालू होतं आणि कोण जिंकणार हे कोणालाच माहीत नव्हतं. त्यात काम करणारे अनेक कलाकार स्वतः युरोपातून पळून आलेले होते.

कॅफेत जर्मन अधिकारी आपलं गाणं गात असतात, तेव्हा लाझलो बँडला फ्रान्सचं राष्ट्रगीत वाजवायला सांगतो आणि अख्खा कॅफे उभा राहून ते गातो. त्यात रडत गाणारी तरुणी म्हणजे फ्रेंच अभिनेत्री मादलेन लबो. जर्मनांनी 1940 मध्ये फ्रान्स घेतला, तेव्हा ती आणि तिचा ज्यू नवरा मार्सेल दालियो देश सोडून पळाले होते. दालियोही या चित्रपटात आहे, कॅफेतल्या जुगाराच्या टेबलावर. नाझी अधिकाऱ्याची भूमिका करणारा कॉनराड फाइट हा जर्मन नट तर नाझींचा कट्टर विरोधक होता. त्याची बायको ज्यू होती आणि त्यानं 1933 मध्येच जर्मनी सोडली होती.

त्यामुळे 'प्रेम की कर्तव्य' हा प्रश्न या मंडळींसाठी फक्त पटकथेतला नव्हता. घर, देश, माणसं मागे सोडणं म्हणजे काय, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

आणखी एक गोष्ट. शूटिंग सुरू झालं तेव्हा पटकथा पूर्ण नव्हती. इल्सा शेवटी कोणासोबत जाणार हे आपल्याला बराच काळ माहीत नव्हतं, असं बर्गमननं पुढे अनेकदा सांगितलं. तिच्या चेहऱ्यावरची घालमेल बघताना हे लक्षात ठेवा.

इतकं कमी दाखवून इतका परिणाम कसा?

यामागे एक नियमावली होती. तिला 'हेज कोड' म्हणतात. हॉलिवूडच्या स्टुडिओंनी ती 1930 मध्ये स्वीकारली आणि 1934 च्या मध्यापासून तिची कडक अंमलबजावणी सुरू झाली. 1968 मध्ये तिच्या जागी रेटिंगची पद्धत आली. कामुक किंवा लांबलचक चुंबनं चालत नसत. विवाहबाह्य संबंध आकर्षक वाटतील असे दाखवायचे नाहीत, हाही नियम होता. म्हणजे इल्सानं नवऱ्याला सोडून रिकसोबत सुखानं राहणं सेन्सॉरच्या टेबलावरून सुटणं जवळपास अशक्यच होतं.

मग दिग्दर्शकांनी वाटा शोधल्या. 'कासाब्लांका'त इल्सा रिकच्या खोलीत येते, दोघं मिठीत येतात आणि पडद्यावर काही क्षण विमानतळाचा मनोरा दिसतो. पुन्हा खोली दिसते तेव्हा रिक खिडकीपाशी उभा आहे. मधे काय झालं? चित्रपट सांगत नाही, ते आपण ठरवायचं.

आल्फ्रेड हिचकॉकनं 'नटोरियस' (1946) मध्ये वेगळी शक्कल लढवली. कॅरी ग्रँट आणि बर्गमन छोटी छोटी चुंबनं घेतात, मधेच बोलतात, चालत फोनपर्यंत जातात, पुन्हा जवळ येतात. सलग चुंबन कुठेच लांबत नाही, पण प्रसंग चांगला दोन-अडीच मिनिटं चालतो.

जे दाखवता येत नव्हतं ते नजरेवर, गाण्याच्या एखाद्या सुरावर, अर्धवट सोडलेल्या वाक्यावर गेलं. राहिलेली जागा प्रेक्षक स्वतःच्या आठवणींनी भरतो. म्हणून प्रत्येकाला ही गोष्ट थोडीशी आपली वाटते.

'रोमन हॉलिडे'मध्ये कोण काय सोडतं?

राजकन्या ॲन (ऑड्री हेपबर्न) कार्यक्रमांना कंटाळून रोममधल्या मुक्कामातून एका रात्री पळून जाते. तिला जो ब्रॅडली (ग्रेगरी पेक) हा पत्रकार भेटतो. ती कोण आहे हे त्याला कळतं, पण तो तिला कळू देत नाही, कारण या बातमीचे त्याला 5000 डॉलर मिळणार असतात. दोघं शहर भटकतात, स्कूटर चालवतात आणि प्रेमात पडतात.

शेवटी ती कर्तव्य म्हणून परत जाते आणि तो बातमी देत नाही. दुसऱ्या दिवशी पत्रकार परिषदेत दोघं समोरासमोर येतात. भोवती दरबारी आणि पत्रकार, त्यामुळे मनातलं बोलायची सोय नाही. चारचौघांसारखं हस्तांदोलन होतं आणि ती निघून जाते. जो त्या रिकाम्या दालनातून एकटाच चालत बाहेर पडतो. निरोपाचं मोठं भाषण नाही, तरी घशात आवंढा येतो.

या चित्रपटाची कथा लिहिणाऱ्यालाही तेव्हा समोर येता आलं नव्हतं. डाल्टन ट्रम्बो हा लेखक कम्युनिस्टविरोधी मोहिमेत हॉलिवूडच्या काळ्या यादीत गेला होता. 1950 मध्ये त्यानं तुरुंगवासही भोगला. 'रोमन हॉलिडे'च्या कथेवर नाव लागलं त्याचा मित्र इयान मॅकलेलन हंटरचं आणि ऑस्करही हंटरच्याच नावानं जाहीर झालं. ट्रम्बोला ते मिळालं 1993 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर 17 वर्षांनी.

मग त्या काळी सगळं छानच होतं का?

अजिबात नाही. ज्या नियमांनी नजरेतलं प्रेम घडवलं, त्याच नियमांनी अनेकांचं प्रेम पडद्यावरून पुसून टाकलं. कृष्णवर्णीय आणि गोऱ्या व्यक्तींमधले प्रेमसंबंध दाखवायला कोडनुसार बंदी होती. समलैंगिक प्रेमालाही जागा नव्हती.

'गॉन विथ द विंड'नं गुलामगिरीच्या काळाचं गोंडस चित्र उभं केलं. त्यातल्या भूमिकेसाठी हॅटी मॅकडॅनियल ऑस्कर जिंकणारी पहिली कृष्णवर्णीय कलाकार ठरली, पण त्या सोहळ्यात तिला बाकी कलाकारांपासून वेगळ्या टेबलावर बसवलं होतं. 'कासाब्लांका'ची गोष्ट मोरोक्कोत घडते, पण मोरोक्कोची माणसं त्यात मागेच राहतात.

हे चित्रपट आवडणं आणि त्यांतले दोष दिसणं, दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं.

आपल्याकडे हे चित्रपट कसे पोहोचले?

तुम्ही यातल्या काही गोष्टी आधीच पाहिल्या असतील. फ्रँक काप्राच्या 'इट हॅपन्ड वन नाइट' (1934) वरून आधी राज कपूर-नर्गिसचा 'चोरी चोरी' (1956) आला आणि मग आमिर खान-पूजा भटचा 'दिल है के मानता नहीं' (1991). 'ॲन अफेअर टू रिमेम्बर' (1957) वरून 'मन' (1999) आला. घरातून पळालेली श्रीमंत मुलगी आणि तिला भेटलेला पत्रकार, किंवा ठरलेल्या जागी न पोहोचू शकलेली प्रेयसी, ही माणसं आपल्याला परकी वाटली नाहीत.

तर मग कारण काय?

या चित्रपटांत प्रेम किती मोठं आहे हे संवादांतून फारसं कळत नाही. माणूस त्यासाठी किंवा त्याच्यापायी काय सोडतो, यावरून कळतं. रिक इल्साला सोडतो, ॲन आपलं स्वातंत्र्य सोडते, जो हातातले पैसे सोडतो. आणि सोडल्यानंतर कोणी त्याचा गाजावाजा करत नाही.

आपल्यापैकी बऱ्याच जणांनी कधी ना कधी कोणाला तरी असं जाऊ दिलेलं असतं. घरच्या जबाबदारीमुळे, नोकरीच्या शहरामुळे, किंवा वेळ चुकली म्हणून. त्याबद्दल आपण स्टेटस टाकत नाही, जवळच्यांनाही सांगत नाही. धुक्यातल्या त्या विमानतळावर रिक आपल्या वतीनं उभा असतो.

कुठून सुरुवात करायची?

जुने चित्रपट संथ वाटतात अशी भीती असेल तर 'इट हॅपन्ड वन नाइट'पासून सुरुवात करा, भरपूर हसाल. मग 'रोमन हॉलिडे' आणि शेवटी 'कासाब्लांका'. तो तर पावणेदोन तासांचाच आहे. फक्त एक करा, तेवढा वेळ फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. या चित्रपटांत अर्ध्या गोष्टी नजरेतून सांगितल्या जातात. मान खाली घातलीत तर नेमक्या त्याच निसटतील.