सुलट एक, उलट एक

गेल्या हिवाळ्यात घरच्याच जिन्यावरून माझा पाय घसरला आणि घोट्याचे हाड मोडले. दोष जिन्याचा नव्हता. हातात पाण्याची बादली आणि डोक्यात एका कवितेची ओळ असली की पायरी चुकणारच. सहा आठवडे प्लॅस्टर आणि सक्तीची रजा. पहिला आठवडा पुस्तके वाचण्यात गेला, दुसरा पुस्तके उशाशी ठेवून छताकडे पाहण्यात. ती कविता तर बादलीबरोबरच सांडली होती.

आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहतात. सगळी गल्ली त्यांना बाई म्हणते, मीही बाईच म्हणतो. वय ऐंशीच्या पुढे. समाचाराला येताना त्या पिशवीत लोकर आणि सुया घेऊनच येत. आमच्याशी बोलता बोलता त्यांचे हात चालू असत. एक दिवस मी नको इतका वेळ त्या हातांकडे पाहत राहिलो असेन. माझी पत्नी म्हणाली, "बाई, तुम्हीच यांना काहीतरी शिकवा. घरात नुसते बसून आम्हाला छळतात." बाईंनी दहा नंबरच्या दोन सुया आणि निळ्या लोकरीचा गुंडा माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, "वीस टाके घाला. मफलर करू. मफलरला अक्कल लागत नाही."

अक्कल लागत नसेल, पण बोटे लागतात. लेखणी धरायची सवय असलेल्या माझ्या बोटांना दोन सुया म्हणजे दोन परके पाहुणे. वीस टाक्यांचे कधी अठरा व्हायचे, कधी तेवीस. अठरा झाले तर टाका गळलेला, हे समजते. पण वाढीव तीन आले कुठून? बाई चष्मा वर करून पाहत, आणि चार ओळी सरळ उसवून टाकत. उसवताना त्यांना जरासुद्धा वाईट वाटत नसे. मला प्रत्येक वेळी वाटे.

आमच्या शाळेत मुलींना शिवण-विणकाम असे आणि आम्हा मुलांना टकळी. मुलींचे झबले वर्षाअखेर प्रदर्शनात टांगले जाई, आमचे सूत कुठे जाई ते गुरुजींना ठाऊक. तेव्हापासून विणकाम हे बायकांचे काम, ही समजूत डोक्यात पक्की बसली होती. समाचाराला आलेले मित्र माझ्या हातातल्या सुया पाहून हसले, तेही त्याच समजुतीने. पण बसल्या बसल्या मी या कलेचा इतिहास वाचायला घेतला आणि माझीच गंमत वाटू लागली.

मराठीत आपण एकच शब्द दोन वेगळ्या कामांना वापरतो. मागावर कापड विणतात आणि सुयांवर स्वेटरही विणतात. कबीर विणकर होता, मालेगाव-भिवंडीचे मोमीन विणकर, धनगरांच्या लोकरीची घोंगडी विणणारे सनगर विणकर. पण या साऱ्यांचे काम उभ्या-आडव्या धाग्यांचे. सुयांवरच्या विणकामात उभा धागा नाही, आडवा धागा नाही. एकच लांबलचक धागा आणि त्याचे एकमेकांत अडकवलेले फास. म्हणून ते ताणते, अंगाबरोबर वाकते, आणि टोक ओढले तर सगळे उसवते. मागाचे वय हजारो वर्षांचे. सुयांवरच्या विणकामाचे पुरावे मात्र जेमतेम हजार वर्षांच्या आतले आहेत. मला वाटत होते, गुहेतली आजीसुद्धा नातवाला मोजे विणत असेल.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात इजिप्तमध्ये सापडलेले लाल लोकरीचे मोजे आहेत, तिसऱ्या ते पाचव्या शतकातले. चपलेचा पट्टा बसावा म्हणून अंगठ्यासाठी वेगळी जागा ठेवलेले. दिसतात अगदी विणल्यासारखे. पण ते एका सुईने, तुकड्या-तुकड्याच्या धाग्याने, प्रत्येक वेळी अख्खा धागा फासातून ओढून केलेले आहेत. हे काम उसवत नाही, पण फार सावकाश होते. सीरियातल्या दुरा-युरोपस इथे सापडलेले तिसऱ्या शतकातले तुकडेही आधी विणकामाचे समजले गेले होते. नंतर कळले, तेही त्याच एका सुईचे.

दोन सुयांचे खरे विणकाम दिसते ते पुन्हा इजिप्तमध्येच, पण मधे अनेक शतके गेल्यावर. साधारण बाराव्या ते चौदाव्या शतकातले सुती मोजे आणि त्यांचे तुकडे तिथे सापडले आहेत. निळा आणि पांढरा धागा, टाके बारीक, आणि आडव्या पट्ट्यांत कूफी वळणाच्या अक्षरांसारखी नक्षी. वॉशिंग्टनच्या टेक्स्टाइल म्युझियममध्ये असा एक लांब मोजा आहे. त्याचे छायाचित्र मी प्लॅस्टरचा पाय उशीवर ठेवून किती वेळ पाहिले ते सांगता येणार नाही. कारण त्या पट्टीतला शब्द काही अभ्यासकांनी वाचला आहे: अल्लाह.

इतरांच्या मते ती नुसती नक्षी आहे, अक्षरांचा भास. पण मी लहानपणी सकाळी मदरशात अरबी अक्षरे गिरवली आणि दुपारी शाळेत देवनागरी. माझ्या डोळ्यांना तो शब्द दिसतो, आणि दिसल्यावर पायातल्या मोज्यावर तो कसा, हा प्रश्न पडतोच. आमच्या घरी अरबी अक्षर असलेला कागदाचा चिटोराही जमिनीवर पडू देत नसत. 2024 च्या मार्चमध्ये मलेशियातल्या एका दुकानसाखळीत हाच शब्द असलेले मोजे विक्रीला आले, तेव्हा तिथे मोठा क्षोभ उसळला, काही दुकानांवर पेट्रोलबाँब फेकले गेले, आणि पुढे न्यायालयाने दुकानदारांना व पुरवठादारांना दंड केला. मग सात-आठशे वर्षांपूर्वीच्या मुसलमान इजिप्तमध्ये हे कसे चालले? विणणाऱ्याला अक्षर येत नव्हते आणि त्याने कुठली तरी पट्टी पाहून उतरवली? की चालणाऱ्याच्या पायांना सांभाळ म्हणून त्याने मुद्दाम ते नाव विणले? मी दुसऱ्या शक्यतेकडे झुकतो. पण तो कवीचा कौल आहे, इतिहासकाराचा नाही, हेही सांगून ठेवतो.

मोजा हा आपला शब्द फारसीतून आला. तिथे तो मूळचा चामडी बुटाचा. वुजू करताना चामडी मोज्यांवरून ओला हात फिरवला तरी पाय धुतल्यासारखे होते, त्याला मसह म्हणतात. घरी असणाऱ्याला एक दिवस-रात्र आणि प्रवाशाला तीन दिवस ही सवलत आहे. जखमेच्या पट्टीवरूनही तसाच हात फिरवता येतो. मी सहा आठवडे रोज प्लॅस्टरवरून फिरवत होतो. मोजा ही माझ्यासाठी तेव्हा केवळ इतिहासाची वस्तू नव्हती.

विणताना ओळ उजवीकडून डावीकडे सरकते. पहिल्या दिवशी हे माझ्या लक्षात आले तेव्हा मी बाईंना म्हणालो, "हे तर उर्दूसारखे चालते." काही लोक यालाच या कलेच्या अरबी जन्माचा पुरावा मानतात. मला तो पटत नाही. उजव्या हाताने काम करणाऱ्या कुणालाही टाके डाव्या सुईवरून उजव्या सुईवर घेणे सोयीचे पडणार, मग तो कुठल्याही लिपीत लिहो. रिचर्ड रट नावाचे इंग्लंडमधले एक बिशप स्वतः उत्तम विणत असत. त्यांनी 1987 साली हाताच्या विणकामाचा मोठा इतिहास लिहिला. एक ख्रिस्ती धर्मगुरू मोज्यांमागे इजिप्तपर्यंत जातो, ही गोष्ट मला त्या पुराव्यापेक्षा जास्त आवडली.

इजिप्तमधून ही कला युरोपात बहुधा स्पेनमार्गे गेली. उत्तर स्पेनमध्ये बुर्गोस शहराजवळ लास वेल्गास नावाचा मठ आहे. तिथे कॅस्टिलचा राजपुत्र फर्नांदो दे ला सेर्दा याची कबर आहे. तो 1275 साली, बाप राज्यावर असतानाच वारला. विसाव्या शतकात या कबरी उघडल्या तेव्हा त्याच्याजवळ रेशमी धाग्याने विणलेली उशी मिळाली. इंचाला वीसच्या आसपास टाके. माझ्या मफलरात इंचाला पाच बसत होते, यावरून कल्पना करा. उशीवर गरुड आहेत, किल्ले आहेत, आणि कडेला अरबी अक्षरांत एक शब्द आहे: बरकत. काम मुसलमान कारागिरांचे असावे असे अभ्यासक मानतात. ज्याचे घराणे मुसलमान राज्यांशी लढत होते, त्या राजपुत्राच्या कबरीत उशाला बरकत.

हा शब्द वाचला तेव्हा मला अम्मा आठवली. ज्वारी मोजताना ती पहिल्या मापाला एक म्हणत नसे. पहिले माप बरकत, मग दोन, मग तीन. आमच्या शेजारी हिंदू घरांतून त्याच जागी लाभ म्हणत. दुसऱ्या दिवशी टाके घालताना मी पहिल्या टाक्याला बरकत म्हटले. बाईंनी ऐकले आणि काही बोलल्या नाहीत. पण पुढच्या वेळी माझे टाके मोजताना त्या "लाभ, दोन, तीन" असे मोजू लागल्या.

1400 च्या सुमारास जर्मनीत माइस्टर बर्ट्राम याच्या घराण्यातल्या चित्रशैलीत एक वेदीचित्र झाले. ते आता हॅम्बर्गच्या कलासंग्रहालयात आहे. त्यात मरियम बसली आहे आणि चार सुयांवर लहानगा सदरा विणते आहे. सदरा जवळजवळ पुरा झाला आहे, गळा तेवढा राहिला आहे. शेजारी छोटा येशू. आम्ही ज्यांना बीबी मरियम आणि हजरत ईसा म्हणतो ते हेच मायलेक. चित्रकाराने सुया नीट पाहून काढल्या आहेत.

पण चित्रात बाई असली तरी पुढे युरोपातल्या शहरांत हा धंदा पुरुषांच्या संघांच्या हाती होता. उमेदवारी करायची, परीक्षेसाठी ठरलेल्या वस्तू विणून दाखवायच्या, मग उस्ताद व्हायचे. हे मी हसणाऱ्या मित्रांना सांगितले. त्यांचे हसणे थांबले नाही.

1589 मध्ये इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशायर परगण्यातल्या विल्यम ली याने मोजे विणायचे यंत्र केले. राणी एलिझाबेथने त्याला मक्ता नाकारला; गरीब विणणाऱ्यांची भाकर जाईल असे तिला वाटले, अशी कथा सांगतात. ली फ्रान्सला गेला. तिथे आश्रय देणाऱ्या चौथ्या हेन्री राजाचा 1610 मध्ये खून झाला आणि त्यानंतर काही वर्षांनी ली हलाखीत वारला. यंत्र मात्र जगले. सव्वादोनशे वर्षांनी, 1811 मध्ये, त्याच परगण्यातले यंत्रावर मोजे विणणारे कारागीर पडत्या मजुरीने आणि निकृष्ट मालाने गांजले आणि रात्री हातोडे घेऊन यंत्रे फोडू लागले. सरकारने यंत्र फोडणाऱ्याला फाशी देण्याचा कायदा आणला. 27 फेब्रुवारी 1812 ला उमरावांच्या सभागृहात एका चोवीस वर्षांच्या तरुणाने आपल्या पहिल्याच भाषणात त्या कायद्याला विरोध केला. तो कवी लॉर्ड बायरन. दोनच आठवड्यांत त्याचे काव्य छापून आले आणि तो रातोरात प्रसिद्ध झाला. कायदा तोपर्यंत संमत होण्याच्या वाटेवर होता आणि त्याच मार्चमध्ये झालाही. कवीच्या भाषणाने थांबलेला कायदा मला तरी ठाऊक नाही. पण यंत्रमागाच्या गावांतून कविसंमेलनांना जाताना, बंद पडलेल्या कारखान्यांवरून जाताना, बायरनचे ते भाषण मला आता आठवते.

बाईंना हा सगळा इतिहास मी रोज थोडा थोडा सांगत असे. एकदा त्यांनी मला त्यांचा सांगितला. 1962 साली चीनचे युद्ध सुरू झाले तेव्हा त्या शाळेत होत्या. देशभर बायका-मुली जवानांसाठी स्वेटर विणत होत्या. यांच्या वर्गातही लोकर आली. बाईंनी एक स्वेटर पुरा केला, पाठवण्याच्या घाईत दिला, आणि रात्री अंथरुणात त्यांच्या लक्षात आले की डाव्या बाहीत एक टाका गळलेला राहिला आहे. "ताणले गेले की तिथून उसवणार," त्या म्हणाल्या. "कोणाला मिळाला असेल, आणि कुठल्या बर्फात तो उसवला असेल, हे माझ्या डोक्यातून साठ वर्षांत गेले नाही. म्हणून मी तुमच्या चार ओळी उसवते. तुम्हाला वाईट वाटते, दिसते मला."

मी त्यांना आयरिश नाटककार सिंग याच्या 1904 मधल्या 'रायडर्स टू द सी' या नाटकाची गोष्ट सांगितली. समुद्रात बुडालेल्या भावाची ओळख त्याच्या बहिणीला मोज्यावरून पटते. तिने तो स्वतः विणलेला असतो आणि साठातले चार टाके आपण गाळले होते हे तिला आठवत असते. आयर्लंडजवळच्या अॅरन बेटांवर घराण्यागणिक स्वेटरची नक्षी ठरलेली असते, बुडालेला माणूस त्यावरून ओळखतात, असे जे सर्रास सांगितले जाते ते अभ्यासक मानत नाहीत. ती दंतकथा या नाटकावरूनच वाढली असावी. नाटकात ओळख नक्षीने पटत नाही, गळलेल्या टाक्यांनी पटते.

बाईंनी ते ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "तुमचा जवान आहे घरात, पाय मोडून बसलेला. मोजा टाके."

अम्माने मला एक स्वेटर विणला होता. चौथीत असताना, गुरुजींच्या पत्नीकडून शिकून. एक बाही बोटभर लांब होती आणि मी ती कायम दुमडून घालत असे, मुले हसू नयेत म्हणून. तो आखूड झाल्यावर तिने तो उसवला, लोकर वाफेवर धरून सरळ केली आणि त्यातून धाकट्या भावाची कानटोपी झाली. त्या टोपीचे पुढे काय झाले ते घरात कुणालाच आठवत नाही. जुन्या विणकामाचे नमुने जगात इतके कमी का उरले, याचे एक कारण अभ्यासक हेच देतात: लोक वापरून झिजवत, आणि उरलेले उसवून पुन्हा विणत.

प्लॅस्टर निघाले त्या दिवशी माझा मफलर सव्वा हात झाला होता. पाय बारीक आणि पांढराफटक दिसत होता. बाई आल्या, मफलर उजेडात धरला आणि खालून बोटाने ओळी मोजत गेल्या. "अकराव्या ओळीत एक टाका सुटला आहे," त्या म्हणाल्या. मी विचारले, "उसवायचा?" तिथपर्यंत उसवायचे म्हणजे सहा आठवडेच उसवायचे. बाईंनी क्रोशाची सुई घेतली, सुटलेला फास खालपासून एकेक ओळ वर चढवत आणला आणि सुईवर बसवला. "असेही करता येते," त्या म्हणाल्या. "आधी सांगितले असते तर तुम्ही मोजलेच नसते."